देवमाशाच्या डोळ्याचा उजेड

ह्यावर कोणी विश्वास ठेवायचं नाही, हे आत्माराम भाटकरांना पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच ते पुन्हा पुन्हा सांगत असत, की बिस्केच्या उपसागरात भर वादळात जहाजाची वीज गेली, भटारखान्यात डोळ्यांत बोट घातलं तरी कळणार नाही असा काळोख झाला, आणि तेव्हा एका देवमाशाने बाहेरून गोल खिडकीच्या काचेला आपला डोळा लावला. त्या डोळ्याच्या उजेडात त्यांनी सगळ्या खलाशांपुरता कांदा चिरला, माशाचं कालवण केलं, आणि जहाज या कुशीवरून त्या कुशीवर लोळत असताना कालवणाचा एक थेंब भांड्याबाहेर आला नाही. का आला नाही, तर भाटकराच्या हातच्या कालवणालाही काही अब्रू असते. आजही ते सांगत होते. ऐकणारे तेच होते, ओट्याजवळ वेदिका आणि खिडकीखालच्या बाकड्यावर बाबू शिवलकर, आणि आज एक जास्तीची, दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मांडीत पर्स धरून बसलेली वेदिकाची आई. "मग त्या माशाला जेवायला नाय थांबवलात?" बाबूने विचारलं. बाबू पूर्वी रिक्षा चालवायचा. साखरेने डोळे नेले, जीभ मात्र ठेवली. "थांबवला ना. म्हणाला, आज माझा सोमवार," आत्मारामांनी सांगितलं. सगळे हसले, आणि हसण्यातच वेदिकाने भाताच्या टोपावरचं झाकण उचलून सवयीने विचारलं, "झालं का काका?" आणि आत्मारामांनीही, गोष्टीचा धागा न सोडता, सवयीने म्हटलं, "झाला गो बाय, बंद कर." तेव्हा सानिका, म्हणजे तिची आई, हसतच म्हणाली, "सगळं छान आहे हो काका. पण देवरुखात हिला झालं म्हणून सांगायला कोण असणार?"

वाक्य साधं होतं. टोमणाही नव्हता त्यात. बाईचा आवाज मऊ होता, आणि थोडा दमलेला. पण बांगड्याचा तो केसासारखा काटा असतो ना, दिसत नाही, घास तर खाली जातो आणि घशात मागे काहीतरी उरतंच, तसं ते वाक्य आत्मारामांच्या आत कुठेतरी आडवं राहिलं. ते तोंडाने पुढचं बोलत होते, वेदिकाला माशाचं ताट कुठे आहे ते विचारत होते, आणि आत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा हाताला लागत होती. ही पोर भात शिकली, आमटी शिकली, गॅस पेटवायला शिकली, सोललेला नारळ कानाशी हलवून पाणी किती ते सांगायला शिकली. आणि ह्या सगळ्याच्या शेवटी, प्रत्येक वेळी, तिने मान वळवून विचारलं होतं, झालं का काका. आणि प्रत्येक वेळी आपण किती आनंदाने सांगितलं होतं. त्या आनंदाचीच त्यांना आता शंका यायला लागली. आयुष्यभर आपण सांगायचं आणि लोकांनी ऐकायचं, ही चटक. देवमासा काय आणि भात झाला काय, सांगण्याची हौस तीच. वेदिकाला देवरुखच्या कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली होती, जूनमध्ये रुजू व्हायचं होतं, तिथे एक खोलीही बघून ठेवली होती, ओटा असलेली. सानिकाने एवढीच अट घातली होती: एक अख्खं जेवण माझ्यासमोर एकटीने करून दाखव, कुणाची मदत न घेता, मग खोलीची किल्ली आणू. नाहीतर रोज एसटीने ये-जा कर, नाहीतर राहू दे ती नोकरी. वेदिका लहान असताना दुधाचं पातेलं मनगटावर उपडं झालं होतं. त्या दिवसापासून घरच्या स्वयंपाकघरात तिची जागा म्हणजे दाराजवळचं स्टूल, आणि त्या स्टुलावरून तिने अख्खं लहानपण नाकाने आणि कानाने जेवणं होताना ऐकली होती. आज ते अख्खं जेवण होतं. आणि जेवणाच्या पहिल्याच भांड्याला आत्मारामांनी झालं म्हणून शिक्का मारून टाकला होता.

मुळात ते ह्या वर्गाकडे आले तेच ऐकणारे मिळतात म्हणून. जहाजावर ते भंडारी, म्हणजे खलाशांचे स्वयंपाकी होते. उतरल्यावर मांडवीच्या जेटीवर बसून रत्नागिरीतल्या इतक्या जणांना इतक्या गोष्टी सांगितल्या की तिथले बाकडेच रिकामे पडायला लागले. अशात अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मनस्वी मॅडम घरी आल्या. म्हणाल्या, कमी दिसणाऱ्यांना स्वयंपाक शिकवायचाय, गावात क्लास घेणाऱ्या बायका आहेत पण गॅसचं नाव काढलं की घाबरतात, तुम्ही बघाल का. नवे कान मिळत असतील तर भाटकर समुद्राच्या तळाशीही क्लास घेतील. त्यांनी रविवार ठरवला, आणि पहिल्या रविवारी संस्थेच्या ह्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत जो गोंधळ घातला तो आठवला की आजही त्यांचे कान गरम होतात. वादळात डेकवरून जायचं तर धरायला दोर बांधतात. म्हणून त्यांनी दारापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून मोरीपर्यंत कमरेच्या उंचीवर सुंभ ताणला, चांगल्या खलाशी गाठी मारून. बाबू त्यात अडकून आडवा झाला. वर आत्माराम प्रत्येकाशी ओरडून बोलत होते, जसं पलीकडच्या जहाजाला हाक मारतात तसं. शेवटी वेदिका म्हणाली, "काका, आमचे कान चांगले आहेत. आणि मला दिसतं हो. थोडं दिसतं. फक्त तुमचा दोर नाही दिसत." त्याहून वाईट म्हणजे त्यांनी ठरवून टाकलं होतं, की बघणं-दिसणं असला शब्द तोंडातून काढायचा नाही, ह्या लोकांना वाईट वाटेल. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की स्वयंपाकात तर दुसरं काही बोलताच येत नाही. चाखून बघ, दाबून बघ, मीठ घालून बघ. ते "आता जरा चाखून..." म्हणायचे आणि भर समुद्रात इंजिन बंद पडल्यासारखे थांबायचे. गोष्टीत देवमासा खिडकीपाशी आला तेव्हा तर त्यांनी डोळा गाळूनच टाकला. बाबू म्हणाला, "माशान खिडकीला काय लावलान मग? शेपूट?"

पण भटारखाना मात्र कामाला आला. दोर नाही, दुसऱ्याच गोष्टी. हलत्या जहाजावर प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, मीठ म्हणजे डाव्या हाताला, तिखट त्याच्या पलीकडे, कोणी हलवलं तर कॅप्टनसुद्धा शिव्या खातो. पाटाखाली ओलं फडकं घालायचं, म्हणजे पाट सरकत नाही. गरम भांडं घेऊन कोणाच्या मागून जाताना "पाठीला गरम" अशी हाळी द्यायची. सुरी वापरून झाली की ती ओट्यावर टाकायची नाही, तिच्या खाचेत जायला हवी. हे सगळं त्यांना शिकवावं लागलं नाही, त्यांच्या हातांनी ते आपणहून मांडलं. जे त्यांना कळत नव्हतं ते वेगळंच होतं. एका रविवारी वेदिका समोर ठेवलेली वाटी शोधत होती. वाटी स्टीलची, ताट स्टीलचं, ओट्यावर पत्रा स्टीलचा, आणि मागच्या खिडकीतून कडक ऊन. आत्माराम तिथे उभे राहून, डोळे बारीक करून बघत राहिले, आणि एकाएकी त्यांना भर दुपारचा समुद्र आठवला: सूर्य ज्या बाजूला असतो त्या बाजूचं पाणी असं चकाकत असतं की त्यातली होडी अख्खी नाहीशी होते, होडीतली माणसं हात हलवत असतात, ओरडत असतात, आणि जहाजावरच्या चांगल्या डोळ्यांच्या माणसाला फक्त चमचम दिसते. म्हणजे होडी असते. बघणाऱ्याच्या डोळ्यातही खोट नसते. मधे चकाकी असते एवढंच. त्या दिवशी ते घरी गेले ते कपाट उघडून उभे राहिले. मग गेलेल्या बायकोची, मथुराची, जुनी जांभळी सुती साडी काढून आणली आणि ह्या खिडकीला टांगली. फरशीवाल्याकडून काळ्या कडप्प्याचा तुकडा मागून आणला. कांदा आणि खोबरं त्यावर, म्हणजे पांढरं उठून दिसतं. कोकम आणि कोथिंबीर पांढऱ्या पाटावर. ओट्याच्या कडेला इंजिनरूममध्ये लावतात तसली पिवळी पट्टी. गॅसच्या बटणावर, मंद आच जिथे येते तिथे, एम-सीलचा एक फुगीर ठिपका, अंगठ्याला लागेल असा. त्यानंतरच्या रविवारी वेदिकाने कडप्प्यावरचा कांदा पाहिला आणि पाहतच राहिली. "हा तर कांदा आहे," ती म्हणाली, जणू कांदा म्हणजे तिने आतापर्यंत नुसती ऐकलेली गोष्ट होती. आत्मारामांनी आयुष्यात बरीच बंदरं पाहिली, पण कुठल्या बंदराला लागताना आपल्याला एवढं बरं वाटलं होतं असं त्यांना आठवत नव्हतं.

तिचं बघणं तिरकं होतं. मधोमध धुकं आणि कडेकडेने जग, असं तिनेच सांगितलं होतं. म्हणून समोरच्याचा चेहरा बघायचा तर ती त्याच्या कानाकडे बघायची. सुरुवातीला आत्माराम गोष्ट सांगताना अस्वस्थ व्हायचे, पोरीचं लक्ष नाही, ही दाराकडे बघत बसते. पुढे ते कळलं, आणि कळल्यावर आणखीच अस्वस्थ झाले, कारण कानाकडे बघत ऐकणारं माणूस त्यांनी आधी एकच पाहिलं होतं. तेही खरं तर कानाकडे नाही, तांदळाकडे बघायचं. जहाजावरून ते महिनोन्‌महिन्यांनी घरी यायचे, अंगाला अजून डिझेलचा वास, आणि पडवीत बसून मथुराला सांगायला लागायचे, आणि मथुरा सुपात तांदूळ निवडत असायची. खडा बाजूला, तांदूळ बाजूला. एकदाही तिने मान वर केली नाही, एकदाही ती म्हणाली नाही की पुरे, खोटं आहे हे. "हं," एवढंच. त्या एका हं-ला त्यांनी इतक्या वर्षांत किती कुशींवर फिरवून पाहिलं होतं. तो विश्वास होता? दया होती? की तांदळातला खडा सापडल्याचा आवाज होता तो? खलाशी हसायचे, जेटीवरची माणसं उठून जायची, बाबूसारखी माणसं त्यात भर घालायची. पण तोंडावर खोटं म्हणायला कोणी आलं नाही, आणि ज्याला कोणी खोटं म्हणत नाही त्याला आपण कुठवर खरे आहोत हेही कळेनासं होतं. देवमाशाची गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्या संध्याकाळी मथुराने सूप खाली ठेवलं होतं. त्यांना वाटलं, आता बोलेल. तिने विचारलं, "मग त्या रात्री जेवलात काय तुम्ही?" आणि ते उठून पाय धुवायला गेले होते. कारण त्या रात्री कोणीच जेवलं नव्हतं. वीज खरोखरच गेली होती. काळोखात ते भटारखान्याच्या जमिनीवर, टेबलाच्या पायाला मिठी मारून बसले होते, आणि बऱ्याच वेळाने, बाकीच्यांचे ओकण्याचे आवाज ऐकवेनात तेव्हा, उठून त्यांनी चाचपडत चहा केला होता. जहाजावरचे दिवे मेले तरी भटारखान्यातली एक तेलाची चूल धुगधुगत होती, झाकणाखाली. पाण्याचा आवाज आधी कुजबुजल्यासारखा, मग जाड, मग गडगडून. पत्तीचा डबा जिथे असतो तिथेच. कप भरत आला की त्याच्या आवाजाचा सूर चढतो, तो ऐकून थांबायचं. काळा, बिनदुधाचा चहा, आणि बिस्किटं. ही गोष्ट खरी होती आणि म्हणूनच त्यांनी ती कोणालाही सांगितली नव्हती. चहाच्या गोष्टीत काय आहे? तिच्यावर तर कोणीही विश्वास ठेवेल.

वेदिकाने तवा चढवला. तेल घातलं, तव्यावर तळवा धरून थांबली, उंच, शिकवल्यासारखा, आणि हवेचा तो गरम थर हाताला येऊन भिडला तशी मागे झाली. बांगडे तिने कोकमाचं आगळ, हळद, तिखट लावून ठेवले होते. काळ्या ताटलीत पांढरा रवा, त्यात एकेक घोळवून तिने ते लांब चिमट्याने तव्यात सोडले. चर्र असा आवाज सगळ्या खोलीभर झाला. सानिकाची खुर्ची करकरली. ती अर्धी उठली होती. आत्मारामांनी तिच्याकडे न बघता नुसता पंजा खाली दाबला, जसं होडीत उभं राहणाऱ्याला बसवतात, आणि ती बसली. पर्सची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. बाई दुष्ट नव्हती. तिच्या मनगटावर काही सांडलं नव्हतं, पण ते भाजलेलं मनगट इतकी वर्षं तीच सांभाळत होती. तव्यावरचा आवाज आता ओला आणि जाड होता, पाणी उडत होतं त्यातलं. "मासा तवा धरून असतो तोवर ओढायचा नाही," आत्मारामांनी केव्हातरी शिकवलं होतं, "ओढलास की फाटेल. शिजला की आपणच सोडतो तवा." वेदिकाने उलथनं लावून पाहिलं, मासा हलला नाही, तिने हात मागे घेतला. आवाज पातळ झाला. तिने पुन्हा लावून पाहिलं, आणि बांगडा अलगद सरकला. तिने एकेक करून ते उलटले. खोलीत तो वास आला, ज्या वासाने खालच्या दुकानातली माणसंसुद्धा जेवणाची वेळ झाली म्हणून शटर ओढतात. आत्माराम स्वस्थ उभे होते. वरून कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, म्हातारा आपला सुखात आहे, आणि तो होताही. फक्त आतला काटा अजून गेला नव्हता. दुसरी बाजू व्हायला वेळ लागत नाही. आवाज पातळ होत होत कोरडा झाला, पानांवर पान घासल्यासारखा. रव्याला खरपूस वास सुटला. आता, आत्माराम मनात म्हणाले. आता बंद कर, पोरी. वेदिकाचा अंगठा बटणावरच्या ठिपक्यावर गेला. तिथे थांबला. आणि तिची मान वळली, त्यांच्या कानाच्या दिशेने.

"झालं का काका?"

खुर्चीवर सानिकाच्या पर्सची चेन अर्ध्यावरच थांबली. झालं म्हणावं तर संपलं. किल्ली देवरुखातच राहणार. गप्प राहावं तर पोर वाट बघत राहणार, आणि परीक्षेत गप्प बसलेला मास्तर म्हणजे मान हलवणारा मास्तर, त्याचाही अर्थ ती काढेलच. आत्मारामांना एकच कला येत होती, आणि ती त्यांनी आजवर कधी कोणाच्या उपयोगाला लावली नव्हती. "छे गो," ते म्हणाले, अगदी सहज, "अजून कच्चा आहे. राहू दे चांगला." आणि लगेच गोष्टीकडे वळले, वेळ भरून काढायला, आवाज थोडा चढवून. "तर काय सांगत होतो, बाबू, तो देवमासा. पापणी मिटली की भटारखान्यात काळोख, उघडली की उजेड..." तोंड बोलत होतं. कान तव्यावर होते. कोरड्या आवाजात आता अधूनमधून बारीक चटका ऐकू येत होता, रव्याचा एखादा कण जळत होता. विश्वास ठेवू नकोस, ते मनात म्हणत होते, आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या ऐकणाऱ्याला मनातून विनवत होते, भाटकरावर विश्वास ठेवू नकोस, अख्ख्या रत्नागिरीत कोणी ठेवत नाही. मासे करपले तर ती बाई उठेल, पोरीच्या हातातून उलथनं घेईल, आणि ती पुन्हा दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसेल, आणि हे आपण केलेलं असेल. बाबूची मान उंचावली होती. त्यालाही वास आला होता. तो तोंड उघडणार एवढ्यात आत्मारामांनी त्याच्या पायावर पाय दिला. खिडकीवरची जांभळी साडी वाऱ्याने आत आली आणि परत गेली. "...आणि त्या उजेडात मी कांदा..."

खट्.

बटण बंद झालं होतं. वेदिका अजून त्यांच्याकडेच, त्यांच्या कानाकडेच बघत होती, पण तिच्या कपाळावर एक आठी होती जी त्यांनी आधी कधी पाहिली नव्हती. "काका," ती म्हणाली, "खोटं बोललात तुम्ही. कधीच झालाय तो." तिने उलथनं घातलं, बांगडा तव्यावरून सरकला, तिने तो पांढऱ्या ताटलीत घेतला, मग दुसरा, मग राहिलेले. एकाची कड किंचित काळी होती. "हा तुमचा," ती म्हणाली. बाबू पाय चोळत हसायला लागला. सानिका उठली, ओट्यापाशी आली, लेकीच्या बाजूला उभी राहिली, उलथन्याला हात न लावता. ताटलीतल्या एका बांगड्याचा पोटाकडचा तुकडा तिने बोटांनी मोडला, फुंकर घातली, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली, खिडकीकडे बघत. मग पदराला हात पुसत विचारलं, "देवरुखात बांगडा ताजा मिळतो का गो? की मी इथून पाठवत जाऊ?"

वेदिकाने पानं मांडायला घेतली, पिवळ्या पट्टीच्या आत, एकेक बोटाने अंदाज घेत. आत्माराम बाकड्यावर बाबूशेजारी टेकले. छातीत भरतीचं पाणी खाडीत शिरतं तसं काहीतरी गुपचूप चढत होतं. मग त्यांनी त्यांना जमतं तेच केलं. "तर सांगायचं राहिलंच," ते म्हणाले, "कांदा चिरता चिरता त्या देवमाशाच्या डोळ्याला आलं पाणी. बादलीभर. त्यामुळे त्या दिवशी कालवणात मीठ घालायची गरजच..."

"खोटं," वेदिका म्हणाली. पान वाढता वाढता, मान वर न करता. "हेही खोटं आहे काका. देवमासा, डोळा, सगळंच. आता खरं सांगा, त्या रात्री जेवलात काय तुम्ही?"